कोहा : देवघेवीच्या टेबलामागून

शाळेच्या ग्रंथालयासाठी सॉफ्टवेअर निवडायचं असेल तर त्याची परीक्षा ग्रंथालयाच्या तासिकेच्या शेवटच्या दहा मिनिटांत घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. अख्खा वर्ग टेबलापाशी गोळा झालेला असतो. एकाला मागचं पुस्तक परत करायचंय, दुसरीला नेमकं तेच हवंय, तिसरा ओळखपत्र वर्गात विसरलाय, चौथीला दोन हवीत आणि मर्यादा एकाची आहे. या सगळ्यांच्या मागे एखादं मूल रिकाम्या हाताने उभं असतं. त्याला काहीच सापडलेलं नसतं, आणि ते तसं सांगणारही नसतं. माझं खरं काम त्या मुलापाशी आहे. मी नोंदींत जितकी अडकते तितकं ते मूल हातून निसटतं. त्यामुळे कोहा वापरताना मी एकच गोष्ट पाहत आले: ही प्रणाली माझी नजर पडद्यावर किती वेळ खिळवून ठेवते?

ज्यांनी हे नाव पहिल्यांदाच ऐकलं त्यांच्यासाठी थोडक्यात. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ ग्रंथालय न्यासाची जुनी संगणकप्रणाली २००० साल उजाडल्यावर चालणार नव्हती. म्हणून १९९९ मध्ये कातिपो कम्युनिकेशन्स या कंपनीने त्यांच्यासाठी कोहा ही नवी प्रणाली लिहिली. जानेवारी २००० मध्ये ती वापरात आली आणि मुक्त परवान्याखाली सर्वांना खुली झाली. आज ती कोणीही उतरवून घ्यावी, वापरावी, बदलावी. निरनिराळ्या देशांतले ग्रंथपाल आणि प्रोग्रामर मिळून तिच्यात भर घालतात आणि दर सहा महिन्यांनी, मे आणि नोव्हेंबरमध्ये, मोठी आवृत्ती येते. ती मुळात सार्वजनिक ग्रंथालयासाठी बनली हे लक्षात ठेवायला हवं. शाळेत आणल्यावर तिच्या बऱ्याच खिडक्या बंद ठेवाव्या लागतात, आणि दोन-तीन अशा सापडतात की त्या शाळेसाठीच केल्यासारख्या वाटतात.

आधी देवघेव. बारकोड वाचक संगणकाला कळफलकासारखाच भासतो. तो आकडे टंकतो आणि शेवटी एंटर दाबतो, बस. वाचकाचं कार्ड, मग पुस्तक, झालं. ओळखपत्र विसरलेल्या मुलाच्या नावाची तीन-चार अक्षरं टंकली की नावांची यादी खाली उलगडते. वाचकाचं छायाचित्र जोडण्याची सोय आहे आणि ती जरूर वापरावी, कारण एकमेकांच्या कार्डावर पुस्तकं नेणं मुलांना मुळीच गैर वाटत नाही. मला सर्वांत मोलाची वाटलेली सोय मात्र मांडणी-पद्धतींच्या, म्हणजे सेटिंग्जच्या, पानात कुठेतरी दडलेली आहे: आवाजाचे इशारे. देवघेव सुरळीत झाली तर एक आवाज, काही अडलं तर दुसरा. कोणत्या संदेशाला कोणता आवाज हे आपण ठरवू शकतो. हे इशारे चालू केल्यापासून मी पडद्याकडे बघणं जवळजवळ सोडलंय. कान नोंदीकडे आणि डोळे मुलाकडे. ‘हे कसं वाटलं?’ एवढा प्रश्न विचारायला जी दोन-तीन सेकंदं लागतात, ती मला इथे मिळाली.

आवाज बदलला की मी थांबते. बहुतेक वेळा ते पुस्तक दुसऱ्या कोणीतरी राखून ठेवलेलं असतं. परत आलेल्या पुस्तकाचा बारकोड वाचताक्षणी कोहा सांगते की याची वाट कोण पाहतंय. पूर्वी ही यादी माझ्या वहीत असायची आणि वहीतल्या यादीला एक खोड असते. जो मुलगा रोज येऊन विचारतो त्याला पुस्तक लवकर मिळतं, आणि जी मुलगी एकदाच विचारून गप्प बसते ती मागे पडते. प्रणालीला चेहरे दिसत नाहीत, तिला रांग दिसते. लाजऱ्या मुलांच्या बाजूने असलेला हा एवढा एक गुण मला कोहा निवडायला पुरेसा होता.

वर्गशिक्षक कधी कधी वर्गातल्या वाचनकोपऱ्यासाठी एका दमात पुस्तकांची चळत मागतात. त्यासाठी घाऊक देवघेव आहे. ठरावीक वाचकप्रकारांना ती चालू करायची, मग सगळे बारकोड एका चौकटीत ओतायचे आणि एकदाच पुढे जायचं.

आता नियमांचा तक्ता. वाचकाचा प्रकार आणि पुस्तकाचा प्रकार यांच्या प्रत्येक जोडीसाठी किती पुस्तकं, किती दिवस, किती वेळा मुदतवाढ, दंड किती, हे सगळं एका मोठ्या तक्त्यात भरायचं असतं. पहिल्यांदा तो पाहून धडकी भरते. नवख्याने सुरुवातीला एकच सर्वसाधारण नियम लिहावा आणि गरज पडेल तसे अपवाद जोडावेत. अगदी विशिष्ट नियम आधी आणि सर्वसाधारण नियम शेवटी लागू होतो, हे एकदा कळलं की तक्ता माणसाळतो. शाळेसाठी यातला सोन्यासारखा रकाना म्हणजे पक्की अंतिम तारीख. वर्ष संपायच्या आधीची एक तारीख घातली की मग वर्षात कितीही उशिरा पुस्तक नेलं तरी परतीची तारीख तिच्यापलीकडे जात नाही. सुट्ट्यांचं कॅलेंडरही भरून ठेवावं, म्हणजे बंद दिवशी परतीची तारीख पडत नाही.

त्याच तक्त्यात आणखी एक रकाना आहे: उशीर झाला तर इतक्या दिवसांचं निलंबन. दंडाच्या पैशांपेक्षा हे सौम्य, असं म्हणून अनेक ग्रंथालयं हा पर्याय घेतात. मी दोन्ही रकान्यांत शून्य ठेवलंय आणि ते मी शेवटपर्यंत शून्यच ठेवणार. उशिरा पुस्तक आणणारी मुलं कोण असतात ते प्रत्येक ग्रंथपालाला ठाऊक असतं. घरी वस्तू ठेवायला स्वतःचा कोपरा नसलेली, दोन घरांत आलटून पालटून राहणारी, लहान भावंडाने पान फाडल्यामुळे धास्तावलेली. अशा मुलाला आठवडाभर पुस्तक न देणं म्हणजे ज्याला वाचनाची सवय लागायची आहे त्याच्याच हातून ती काढून घेणं. सॉफ्टवेअरचं श्रेय इतकंच की त्याने हा निर्णय माझ्यावर सोडला. याआधी मी हाताळलेल्या एका प्रणालीत दंडाचा रकाना रिकामा ठेवला की पुढचं पानच उघडत नसे.

वाचनाच्या इतिहासाबद्दल मला जरा विस्ताराने सांगायचंय, कारण शालेय ग्रंथपालांच्या बोलण्यात हा विषय फार कमी येतो.

संगणक आल्यावर पहिल्यांदाच असं झालं की एका मुलाने शाळेत आल्यापासून काय काय वाचलं हे एका टिचकीत दिसू लागलं. याचा आनंद होतोच. एखादी मुलगी येते आणि विचारते, ‘त्या मालिकेतलं माझं कितवं झालं होतं?’ आणि मी तिला लगेच सांगू शकते. पण तीच यादी मागायला इतरही येतात. ‘हा हल्ली गप्प असतो, काय वाचतोय बघू’ असं एखादे शिक्षक म्हणतात, किंवा पालक म्हणतात. हेतू बहुधा चांगलाच असतो. तरीही आई-वडिलांच्या भांडणाबद्दल, आजारी माणसाबद्दल, शरीरात होणाऱ्या बदलांबद्दल एखादं मूल गुपचूप पुस्तक नेतं, तेव्हा ते माझ्यावर विश्वास टाकत असतं. टेबलावर ते पुस्तक बहुतेकदा दुसऱ्या दोन पुस्तकांच्या मधे ठेवलेलं असतं. मी ते इतरांसारखंच बारकोड वाचकाखाली धरते, एकही शब्द बोलत नाही. हा विश्वास यंत्राच्या पोटात गेल्यावर त्याचं काय होतं, याची जबाबदारी माझी आहे.

या बाबतीत कोहाने विचार केलेला दिसतो. कर्मचाऱ्यांना वाचकाचा इतिहास दिसावा की नाही, हे ठरवता येतं. वाचकाला आपल्या नोंदी कायम ठेवायच्या, ठरावीक काळ ठेवायच्या की परतीबरोबरच पुसायच्या, हे निवडू देता येतं. आणि एक घाऊक साधन आहे: अमुक तारखेपूर्वीचा देवघेवीचा इतिहास निनावी करा. त्यासाठी आधी ‘निनावी वाचक’ असं एक खातं उघडून त्याचा क्रमांक मांडणीत द्यावा लागतो. तेवढं करून ठेवा. मग पुस्तक किती वेळा गेलं हा आकडा राहतो, कोणी नेलं हे पुसलं जातं. मी वर्षभर इतिहास ठेवते, मालिकेतलं पुढचं पुस्तक शोधणाऱ्यांसाठी, आणि वर्षअखेरीस सगळा निनावी करते. मुलांना हे मी वर्षाच्या सुरुवातीलाच सांगते. फाटक्या पानाचा प्रश्न उरतो, तर शेवटच्या वाचकापुरती नोंद ठेवण्याची वेगळी सोय आहे. तेवढी पुरते. जे प्रशासन म्हणतं की सगळं साठवून ठेवा, कधीतरी उपयोगी पडेल, त्यांना मी विचारते: कोणाच्या उपयोगी?

याच कारणाने ‘सर्वाधिक पुस्तकं नेणारे वाचक’ हा तयार अहवाल मी कधी फळ्यावर लावलेला नाही. तो लागला की मुलं पातळ पुस्तकं शोधू लागतात.

अहवालांचा खरा उपयोग वेगळा आहे. प्रत्येक प्रतीच्या नोंदीत ती एकूण किती वेळा गेली आणि शेवटची कधी गेली, हे असतं. एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) येत असेल तर हवी ती यादी काढता येते. येत नसेल तर कोहाच्या समुदायाने विकीवर तयार प्रश्नांचा मोठा साठा ठेवलाय, तिथून उचलून तारखा आणि प्रकार बदलले तरी भागतं. बरीच वर्षं कोणी हात न लावलेल्या पुस्तकांची यादी मी काढते आणि ती हातात घेऊन कपाटांपाशी जाते. यादी पाहून थेट निर्लेखन करू नये, म्हणजे पुस्तकं संग्रहातून काढून टाकू नयेत, हे कळकळीने सांगते. एखादं पुस्तक सगळ्यात खालच्या फळीवर होतं म्हणून गेलेलं नसतं. एखाद्याचा कणा इतका फिका पडलेला असतो की नावच दिसत नाही. अशी पुस्तकं मी नवं वेष्टन घालून, डोळ्यांच्या उंचीवर, मुखपृष्ठ दिसेल अशी मांडते. काही आठवड्यांनी तीच यादी पुन्हा काढली की त्यातली बरीच नावं गायब झालेली असतात. जी राहतात, त्यांच्यात जुनी झालेली माहिती असेल तर मग मात्र ती बाद. प्लूटोला ग्रहांच्या रांगेत बसवणारं पुस्तक वर्गांक ५२३ च्या, म्हणजे ग्रहताऱ्यांच्या, फळीवर ठेवून मुलाला चुकीचं शिकवण्यापेक्षा ती जागा रिकामी बरी. २००६ मध्ये प्लूटोचा दर्जा बदलला, त्याला आता बराच काळ लोटला.

शिवाय नुसत्या नेलेल्या पुस्तकांचा आकडा अपुरा असतो. शाळेत कितीतरी मुलं पुस्तक नेत नाहीत, तिथेच खाली बसून वाचतात आणि टेबलावर टाकून जातात. विश्वकोश, नकाशे, विक्रमांची पुस्तकं, कोडी यांचं वाचन असंच होतं. कोहात एक पर्याय असा आहे की न दिलेल्या पुस्तकाचा बारकोड परतीच्या पानावर वाचला तर त्याची जागेवरच्या वापरात नोंद होते. तासिका संपली की टेबलावरची सगळी पुस्तकं मी अशीच वाचून मग मांडणीवर परत लावते. ग्रंथालयाची निधीची मागणी लिहिताना या आकड्यांचा मला फार आधार झाला. तोपर्यंत संदर्भविभाग ‘कोणी वापरत नाही’ असं समजलं जात होतं.

वार्षिक ग्रंथपडताळणी. दाखल नोंदवही मांडीवर घेऊन एकाने क्रमांक वाचायचा आणि दुसऱ्याने टिक करायची, हे ज्यांनी केलंय त्यांना वेगळं सांगायला नको. कोहात कपाटामागून कपाट बारकोड वाचून त्यांची साधी मजकूर-फाइल करायची आणि पडताळणीच्या साधनात चढवायची. न सापडलेल्या प्रतींची यादी मिळते, आणि चुकीच्या जागी लावलेली पुस्तकंही कळतात. हे काम आठवी-नववीची मुलं आनंदाने करतात.

तालिकीकरणाबद्दल, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करण्याबद्दल, माझं मत संमिश्र आहे. कोहा मार्क २१ या प्रमाणित पद्धतीने नोंद ठेवते, तिच्यात प्रत्येक माहितीला क्रमांकाचं क्षेत्र असतं: २४५ मध्ये शीर्षक, १०० मध्ये लेखक, ०८२ मध्ये ड्युई वर्गांक (विषयानुसार दिलेला आकडा). झेड ३९.५० या ग्रंथालयांना एकमेकांशी जोडणाऱ्या जोडणीने मोठ्या ग्रंथालयांची तयार नोंद ओढून घेता येते. तेरा अंकी आयएसबीएन वाचलं की इंग्रजी पुस्तकाची नोंद बहुधा समोर येते. मराठी पुस्तकांच्या बाबतीत, त्यातही लहान प्रकाशकांच्या आणि जुन्या पुस्तकांच्या बाबतीत, हाताने टंकणं आलंच. त्याला पर्याय नाही, आणि त्यात सॉफ्टवेअरचा दोष नाही. मात्र मूळ मांडणीतला नोंदीचा साचा शाळेला अवाढव्य आहे. नको ती क्षेत्रं लपवून दहा-बारा क्षेत्रांचा स्वतःचा साचा करून घ्यावा. ज्यांची जुनी यादी युनिकोड नसलेल्या टंकात आहे त्यांनी ती आधी युनिकोडमध्ये बदलून, डोळ्याखालून घालून मगच आत न्यावी. जोडाक्षरं आणि रफार तिथे हमखास तुटतात, आणि तुटलेलं शीर्षक शोधात कधीच सापडत नाही.

खरी कसोटी आहे ती मुलांच्या शोधाची. वाचकांसाठीचं पान प्रौढांना समोर ठेवून केलेलं आहे. तिसरीतल्या मुलाला ‘विषय’, ‘लेखक’, ‘वर्गांक’ या पेट्या काय सांगणार? ‘ते लाल पुस्तक, ज्यात कुत्रा हरवतो’ असं मूल विचारतं. त्यामुळे सगळी मदार नोंदीत मी काय भरते यावर येते. ५२० या क्षेत्रात सारांश लिहायचा असतो. तिथे मी मुलांच्याच तोंडचे शब्द लिहिते: कुत्रा हरवणे, नवी शाळा, भुतं पण फार भीतिदायक नाही. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की शोध रिकामा येतो आणि लहान मुलं बऱ्याचदा रोमन लिपीतच टंकतात, म्हणून २४६ या पर्यायी शीर्षकाच्या क्षेत्रात मी रोमन रूप आणि मुलांच्या तोंडचं नावही घालते. याला वेळ लागतो. पण एकदा एका मुलीने पडद्यावर ‘भुतं पण फार भीतिदायक नाही’ ही ओळ वाचली आणि ती मागे वळून माझ्याकडे बघून हसली. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांच्या पाच सूत्रांतलं चौथं सूत्र वाचकाचा वेळ वाचवा असं सांगतं. शाळेत तो वेळ अशा ओळींनीच वाचतो, असं मला वाटतं.

मुखपृष्ठांची चित्रं स्वतः चढवता येतात. लहान वर्गांसाठी ती हवीतच. सार्वजनिक याद्या करून पहिल्या पानावर लावता येतात. मुलांना पुस्तकावर अभिप्राय लिहू द्यावेत, ते आपण मान्य केल्यावरच दिसतात. पुस्तक सुचवण्याचा अर्जही तिथेच आहे. त्या अर्जाला मी प्रत्येक वेळी उत्तर देते, नाही म्हणायचं असलं तरी कारणासकट. मुलांना आपलं कोणीतरी वाचलं याचं फार अप्रूप असतं.

उणी बाजू स्पष्ट सांगायला हवी. कोहा लिनक्सवर चालते, तिला डेटाबेस लागतो, शोधासाठी झेब्रा किंवा इलॅस्टिकसर्चसारखं वेगळं इंजिन लागतं. उभारणी करणारं आणि नंतर लक्ष ठेवणारं जाणकार माणूस हवं. मुक्त परवाना म्हणजे विनाखर्च, असा समज करून कोणी यात पडू नये: सर्व्हर, प्रतिसाठवण (बॅकअप), आवृत्ती बदलणं, याला वेळ किंवा पैसा लागतोच. रोजची प्रतिसाठवण दुसऱ्या ठिकाणी जाते की नाही हे ग्रंथपालाने स्वतः विचारावं, आणि वर्षातून एकदा तरी ती उघडून दाखवायला सांगावं. ज्या शाळेत काहीशेच पुस्तकं आहेत आणि संगणकाचं माणूस नाही, तिने एका नीट आखलेल्या तक्त्यावर भागवावं. मी तिला कोहा सुचवणार नाही.

शाळेच्या नजरेने पाहिलं तर मला आणखी एक गोष्ट खटकते. ‘इयत्ता’ आणि ‘तुकडी’ या शाळेच्या मूळ कल्पना तिथे नाहीत. त्या वाचकाच्या जादा क्षेत्रांत बसवाव्या लागतात. वर्ष बदललं की घाऊक बदलाच्या साधनाने सगळ्यांची इयत्ता पुढे सरकवायची, नवीन मुलांची सीएसव्ही (साध्या तक्त्याची) फाइल चढवायची, सोडून गेलेल्यांची खाती पुस्तकं परत आल्याची खात्री करून काढायची. हे जमतं, पण वर्गाची यादी समोर ठेवून एकेका नावावर टिचकी मारत देवघेव करावी, असं पान मूळ मांडणीत नाही. लहान वर्गांना कार्ड सांभाळता येत नाही, तिथे याची उणीव जाणवते. मी वर्गवार बारकोडांची छापील यादी टेबलावर ठेवते आणि मुलाच्या नावापुढचा बारकोड वाचते.

वीज गेली तर कागदावर दाखल क्रमांक लिहून ठेवावेत. परतीची नोंद नंतर मागच्या तारखेने करता येते, त्यामुळे कोणावर उशिराचा शिक्का बसत नाही.

निवड करताना एक गोष्ट सगळ्यात आधी तपासा, मग ती प्रणाली कोहा असो वा दुसरी कोणती: आपल्या नोंदी बाहेर काढता येतात का? कोहातून पुस्तकांच्या नोंदी मार्क स्वरूपात आणि वाचकांची यादी सीएसव्हीमध्ये कधीही काढता येते. शालेय ग्रंथपाल बदलतात, निवृत्त होतात, पद रिकामंही राहतं. माझ्यानंतर येणारी व्यक्ती वेगळी प्रणाली निवडेल, तर निवडू दे. ५२० मध्ये लिहिलेले ते सगळे सारांश तिच्यासोबत जातील.